फॉलिक अॅसिड दिवस राहण्याआधीपासूनच का?

प्रश्न: बाळाचा मेंदू तर नऊ महिने घडत असतो. मग पाळी चुकल्यावर गोळी सुरू केली तर उशीर कसा होतो?

प्रतिसाद १: पाळी चुकते तेव्हा गर्भधारणा होऊन साधारण १४ दिवस झालेले असतात. पुढच्या दोनच आठवड्यांत गर्भाच्या पाठीकडची पेशींची पट्टी जाड होते, तिच्या कडा वर उचलल्या जातात आणि जुळून नळी बनते. हीच न्यूरल ट्यूब. मेंदू आणि मज्जारज्जू दोन्ही तिच्यातून घडतात. डोक्याकडचं तोंड गर्भधारणेपासून २५व्या दिवसाच्या सुमारास बंद होतं, खालचं २८व्या. वरचं उघडं राहिलं तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटी घडतच नाही. खालचं राहिलं तर पाठीचा कणा दुभंगलेला राहतो. एकदा ही वेळ टळली की गोळ्यांनी नळी मिटत नाही. अनेकींना तर तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं!

प्रतिसाद २: मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम, किमान महिनाभर आधीपासून ते १२व्या आठवड्यापर्यंत. आधीच्या बाळात हा दोष असेल तर ४ ते ५ मिलिग्रॅम, डॉक्टरांना विचारूनच. फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएटने धोका वाढतो. ते घेत असाल तर आधीच डॉक्टरांशी बोला, मनाने बंद मात्र करू नका.

प्रतिसाद ३: पेशी झपाट्याने विभागताना नवा डीएनए लागतो आणि तो बनवायला फॉलेट हे जीवनसत्त्व; फॉलिक अॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप. गोळीने सगळेच दोष टळत नाहीत, म्हणून १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका.