फक्त सी चा कंपायलर पाहिजे, अख्खा विज्युअल स्टुडिओ नको – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यातनं लिहूलालोय. पुतणीला यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी आहे, घरात विंडोज १० चा जुना लॅपटॉप, रॅम ४ जीबी, सी ड्राइव्हवर जेमतेम १५ जीबी मोकळी. त्यात नेट म्हणजे मोबाईलचं हॉटस्पॉट आणि पावसाळ्यात आमच्याकडं रेंजचं काय होतंय ते सांगायला नको. म्हणून नुसती बिल्ड टूल्स (मायक्रोसॉफ्टच्या विज्युअल स्टुडिओतला एडिटर सोडून कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा, तेवढा भाग) घेतली, जागा वाचावी म्हणून विंडोज एसडीकेची (विंडोजसाठी प्रोग्रॅम बनवायला लागणाऱ्या फाइलींचा संच) टिक काढली. आता साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सीएल (त्या कंपायलरची कमांड) टाकलं की 'इज नॉट रेकग्नाइज्ड' म्हणतंय, आणि स्टार्ट मेनूतल्या डेव्हलपर कमांड प्रॉम्प्टमध्ये कंपायलर उठतंय पण स्टडीआयओ डॉट एच (सी च्या प्रोग्रॅममध्ये वर जोडतात ती हेडर फाइल) मिळंना म्हणून रडतंय. कुणाला माहीत असेल तर सांगा ओ. टर्बो सी (जुना डॉसच्या काळातला कंपायलर) तेवढं सुचवू नका, ते निळं पान आमच्या वेळेला बघून झालंय.

उत्तर (टिळकवाडी):
काका, पहिला प्रॉब्लेम हा प्रॉब्लेमच नाही. सीएलचा पाथ (कमांड कुठल्या फोल्डरमध्ये शोधायची ती यादी) सिस्टिममध्ये कायमचा घालत नाहीत, डेव्हलपर प्रॉम्प्ट उघडला की एक बॅच फाइल चालते आणि पाथ, इन्क्लूड, लिब वगैरे व्हेरिएबल तेवढ्या विंडोपुरते सेट होतात. साध्या प्रॉम्प्टमधनंच पाहिजे असेल तर आधी व्हीसीव्हार्स६४ डॉट बॅट चालवा. दुसरं मात्र एसडीकेमुळंच, २०१५ पासनं स्टडीआयओसारख्या हेडर फाइली एसडीकेत गेल्यात. ती टिक परत घाला, जागा वाचवायची तर सीमेक, टेस्ट टूल्स, ॲड्रेस सॅनिटायझर ही तुम्हाला न लागणारी जादाची टूल्स काढा.

उत्तर (निपाणी):
पहिल्या वर्षाच्या सी ला मायक्रोसॉफ्टचंच कशाला पाहिजे? एमएसवायएस२ (विंडोजवर असली फुकट टूल्स बसवायचं सॉफ्टवेअर) टाका, त्यात पॅकमॅननं (त्याची पॅकेज बसवायची कमांड) यूसीआरटी६४ वालं जीसीसी (फुकटचा सी कंपायलर) पॅकेज घ्या, जागा बरीच कमी खातंय. मग एमएसवायएस६४ या फोल्डरमधल्या यूसीआरटी६४ च्या बिन फोल्डरचा पाथ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घाला, आणि प्रॉम्प्ट बंद करून नवीन उघडा, उघड्या विंडोला नवा पाथ दिसत नाही, इथंच निम्मी पोरं अडकतात. प्रोग्रॅम लिहायला नोटपॅड चालतंय.

धागाकर्ता:
हे बेस झालं, जीसीसीच टाकतो. रविवारी बेळगावला पाहुण्यांकडं जायचंय, तिथं वायफाय आहे. त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवून सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर आणलं तर चालतंय काय?

उत्तर (निपाणी):
चालतंय, फक्त इकडं पण सी ड्राइव्हवर त्याच नावानं ठेवा, पाथ तेवढा हातानं घालावा लागेल. नाहीतर लॅपटॉपच पिशवीत घालून न्या की!