स्थिर, पण कुणाच्या सापेक्ष?

एखादी वस्तू पूर्णपणे स्थिर असू शकते का, हा प्रश्न. टेबलावरचं पुस्तक पृथ्वीच्या सापेक्ष स्थिर आहे, हे मान्य. पण 'निरपेक्ष शून्य तापमानाला तरी सगळं थांबेलच' असं जे म्हटलं जातं, ते काही पटत नाही. (निरपेक्ष शून्य म्हणजे ज्याहून थंड काही असूच शकत नाही असं तापमान.) हेलियमच बघा ना. नेहमीच्या दाबाखाली तो कितीही थंड केला तरी गोठत नाही, द्रवच राहतो. घन करायचा तर साधारण २५ वातावरणांइतका दाब द्यावा लागतो. कारण पुंजभौतिकीतल्या अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार अणूचं स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) एकाच वेळी नेमके ठरलेले असू शकत नाहीत, म्हणून थोडी थरथर उरतेच. (ती उष्णतेची नव्हे, त्यामुळे काढूनही घेता येत नाही!) राहता राहिला विश्वाचा संदर्भ: वैश्विक पार्श्वप्रारणाच्या, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या आणि सगळ्या अवकाशात भरलेल्या प्रारणाच्या सापेक्ष आपली सूर्यमाला सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगानं धावतेय. अर्थात पार्श्वप्रारण हीही मोजमापासाठी एक सोयीची संदर्भचौकट, निरपेक्ष नव्हेच.