ससा छापलेली क्रीम लावली तरी तोंडाची आग कामून होते? नाजूक स्किनवाल्यांनो सांगा

सेलूची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. मी सेलूची, जिल्हा परभणी. झेडपीच्या शाळेवर आहे, रोज स्कूटीवर सोळा किलोमीटर जायचं अन् तेवढंच यायचं, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. माझी स्किन आधीपासूनच नाजूक, साधा साबण लावला तरी गाल ओढल्यासारखे होतात, त्यात आमचं बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर बसतो असलं.

आता खरी गोष्ट. लेक सहावीत आहे. तिनं कुठंतरी बघितलं की क्रीम-शाम्पू आधी सशाच्या डोळ्यात घालून बघतात, तर बाईसाहेबांनी माझ्या सगळ्या ट्यूबा कॅरीबॅगमधी भरल्या अन् माळ्यावर टाकल्या. सासूबाई माळकरी, त्यांना कुणीतरी सांगितलं की साबणात चरबी असते, तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक साबण त्या मला मोठ्यानं वाचायला लावायल्यात. म्हणलं चला, दोघींचं ऐकू. ऑनलाइन सशाचं चित्र असलेली, वर ‘नॅचरल’ लिहिलेली क्रीम मागवली, सहाशेला पडली, वास एकदम सोललेल्या संत्र्याचा. तिसऱ्या दिवशी दोन्ही गालावर लाल चट्टे अन् तिखटाचा हात लागल्यागत आग.

सशाला त्रास न देता बनवलेली वस्तू मलाच कामून त्रास द्यायली? अन् दोन्ही जमेल असं, म्हणजे प्राण्यांवर टेस्ट केलेलं नको अन् माझ्या तोंडालाही चालेल असं काही मिळतं का? परभणीत मिळालं तर बेस्ट, नाहीतर मागवीन.

औषधवाला_जालना

ताई, तुमची गफलत एकच झाली, अन् ती लई जणांची होते. ससा सशाबद्दल सांगतो, तुमच्या गालाबद्दल काहीच सांगत नाही. ह्या दोन वेगळ्या चौकशा आहेत, वेगवेगळ्याच करायच्या.

आधी सशाचं. आपल्याकडं कॉस्मेटिकची प्राण्यांवर टेस्ट करायला २०१४ पासून बंदी आहे, अन् त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तसा टेस्ट केलेला माल बाहेरून आणायलाही बंदी आली. म्हणून इथं बनणाऱ्या साध्या क्रीमसाठी कुणी ससा धरून बसलेलं नाही. घोळ होतो तो त्याच कंपनीचा माल दुसऱ्या देशात विकताना. चीनमधी बाहेरून येणाऱ्या कॉस्मेटिकला ही टेस्ट सक्तीची होती, २०२१ च्या मे पासून साध्या मालाला अटी घालून सूट दिली. म्हणून लोक कंपनीचा सगळा कारभार बघतात, नुसता भारतातला नाही.

चित्राचं म्हणाल तर उड्या मारणारा ससा, म्हणजे लीपिंग बनी नावाचा शिक्का, त्यात कच्चा माल पुरवणाऱ्यांपर्यंत तपासतात अन् बाहेरच्या लोकांकडून ऑडिट होतं. पेटा म्हणजे प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था, तिचा ससा कंपनीनं लिहून दिलेल्या हमीवर मिळतो. अन् तिसरा ससा म्हणजे कंपनीच्या डिझायनरनं काढलेला, त्याला कुणी विचारणारं नाही. तुमच्या डब्यावर कोणता आहे ते बघा.

आता गालाचं. संत्र्याचा वास म्हणलात तिथंच मला कळलं. संत्र्याच्या सालीचं तेल असणार, त्यात लिमोनिन असतं, ते हवा लागून जुनं झालं की नाजूक कातडीला चावतं. नॅचरल आहे म्हणून सौम्य असं काही नसतं, बिब्बा बी नॅचरलच आहे की. मागचं वाचा. परफ्यूम, फ्रॅग्रन्स, लिमोनिन, लिनालूल, सिट्रल यातलं काही दिसलं की ठेवून द्या. ‘अनसेंटेड’वर पण भाळू नका, कधीकधी वास दाबायला दुसरा वास टाकलेला असतो, ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ लिहिलेलं पाहिजे.

अन् एक विचारतो, राग मानू नका. याच्या आधी तोंडाला काय लावत होता?

गोदाकाठची_काकू

कशाला गं एवढ्या भानगडी, बेसन हळद साय लाव, वरून लिंबू पिळ. आमच्या वेळी कुठं होत्या क्रिमा. ना ससा मरतो ना पैसे जातात.

अंबाजोगाईकर

काकू बेसन-सायीचं ठीक आहे पण लिंबू नका सांगू. मी लग्नाच्या आधी लिंबू चोळून दुपारी शेतात गेले, हुरड्याचे दिवस, ऊन काही लई नव्हतं तरी तोंडावर अन् मनगटावर जिथं जिथं रस ओघळला तिथं तपकिरी पट्टे उठले, एकदम ओघळ दिसत होते, हळदीच्या फोटोत अजून आहेत. डॉक्टर म्हणले लिंबू अन् ऊन एकत्र आलं की असं होतं. जायला चार महिने लागले.

सेलूची_मास्तरीण

@औषधवाला दादा, डबा बघितला. ससा कोणत्याच संस्थेचा नाही, नुसता ससा, वर पानं. मागं लिमोनिन पण आहे अन् परफ्यूम पण आहे. बसले डोक्याला हात लावून.

आधीचं विचारलं म्हणून सांगते. पार्लरवालीनं एक छोटी ट्यूब दिली होती, बारकी, पांढरी-निळी, म्हणली रात्री लावा उजळपणा येतो. खरंच आला होता, आठ दिवसात फरक. दीड वर्ष लावली. लेकीनं माळ्यावर टाकली त्यात ती पण गेली. नाव सांगत नाही, मागं मोमेटासोन, हायड्रोक्विनोन अन् ट्रेटिनॉइन असं लिहिलंय.

औषधवाला_जालना

मला तेच वाटलं होतं. ताई हे नीट वाचा, बाकी सगळं नंतर.

ती क्रीम नाही, औषध आहे, अन् त्यातलं पहिलं नाव स्टिरॉइड. डॉक्टर ती वांगासाठी, म्हणजे तोंडावरच्या काळपट डागांसाठी देतात, थोडे आठवडे, हिशोबानं. दीड वर्ष तोंडाला लावायची वस्तू नाही. कातडी पातळ होते, बारक्या लाल शिरा दिसायला लागतात, पिंपल येतात, उन्हात गेलं की भाजल्यागत होतं, अन् बंद केली की सगळं उसळून वर येतं. मग माणूस घाबरून परत लावतो, परत बरं वाटतं, असं चक्र. डॉक्टर लोकांत याला नावच आहे, टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. माझ्या काउंटरवर आठवड्याला चार-पाच जण चिठ्ठीशिवाय मागायला येतात, नवरदेव सुद्धा. नाही म्हणलं तर पुढच्या दुकानात जातात.

तुमची आग थोडी संत्र्याची अन् बरीच या ट्यूबची असू शकते. माळ्यावरून काढून परत लावू नका, पण घरी बसून इलाज पण करू नका, फोटो काढून स्किनच्या डॉक्टरकडं जा. परभणीत आहेत, नाहीतर संभाजीनगरला घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, त्वचेची ओपीडी आहे. तोवर तोंडाला तीनच गोष्टी, साबण नसलेलं बिनवासाचं क्लिन्झर, ग्लिसरीन-सेरामाइडवालं साधं मॉइश्चरायझर अन् झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. सीरम-बिरम काही नको.

साबण कामून नको ते पण सांगतो. साबणाचा पीएच ९-१० असतो अन् आपल्या कातडीचा ५ च्या आसपास. त्यात तुमचं जड पाणी, त्यातल्या कॅल्शियमनं साबणाचा साका होतो अन् तो तोंडावरच बसतो. बादलीचा थर सांगितला ना, तसाच. तोंडापुरतं फिल्टरचं तांब्याभर पाणी घेतलं तरी फरक पडतो.

लातूरची_पोर

ताई आधी डॉक्टर, दादा बरोबर बोलायलेत. मी सासूबाईंच्या बाजूनं लिहिते, कारण माझी आजी पण माळकरी, हे सगळं मी करून बसलेय 😄

क्रुएल्टी-फ्री वेगळं अन् व्हीगन वेगळं. टेस्ट केली नाही तरी आत प्राण्याचं काही असू शकतं. साबणात ‘सोडियम टॅलोएट’ दिसलं तर ती चरबी, ‘सोडियम पाल्मेट’ म्हणजे पामतेल, ते चालतं. लाल लिपस्टिकमधी कार्माइन, ते किडे वाळवून काढतात, लेबलवर कधी नुसतं सीआय ७५४७० लिहितात म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतलं. स्क्वालीन शार्कच्या लिव्हरचं असू शकतं, स्क्वालेन लिहिलेलं आजकाल बरेचदा ऑलिव्हचं नाहीतर उसाचं, पण कंपनीनं तसं सांगितलेलं असावं. हिरवा ठिपका असला तरी तो आतल्या मालाचा, टेस्टचा नाही.

ब्रँड म्हणाल तर प्लम पूर्ण व्हीगन आहे अन् पेटाकडं नोंद आहे. बॉडी शॉप लीपिंग बनीवाली, पण काहीजण म्हणतात २००६ ते २०१७ ती लॉरिअल या मोठ्या कॉस्मेटिक कंपनीच्या मालकीची होती म्हणून आम्ही घेत नव्हतो. मूळ मालक बघायचा का नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं, मी नाही बघत, तेवढं बघत बसलं तर मीठ पण घेता येणार नाही. पण कोणताही ब्रँड असो, त्यातला बिनवासाचाच माल बघा, एकाच कंपनीचा एक चालतो अन् दुसरा चावतो.

नवीन काही आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, आठवडाभर. मग तोंड. एका वेळी एकच वस्तू. अन् टिकलीकडं लक्ष असू द्या, मागच्या गोंदातल्या एका केमिकलनं काही जणींच्या कपाळावर टिकलीएवढाच पांढरा डाग पडतो, माझ्या मावशीला पडला, ती बिचारी त्यावर मोठी टिकली लावायची.

अंबाजोगाईकर

स्कार्फ कशानं धुता ते पण बघा ताई. माझा वॉशिंग पावडरमधी भिजत ठेवायचे, नीट खळबळायला पाणी नाही, टँकर आठ दिवसाला. सगळी पावडर कापडात, अन् तोच दिवसभर गालावर घासायचा घामानं. आता तोंडाचा स्कार्फ वेगळा, सुती, थोड्या पावडरमधी अन् दोनदा पाण्यातून काढते.

सेलूची_मास्तरीण

सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहायलेय, सॉरी.

परभणीला जाऊन आले. ट्यूबचा फोटो बघून डॉक्टरीणबाई काही ओरडल्या नाहीत, फक्त म्हणल्या आज सकाळपासूनच्या तुम्ही तिसऱ्या. गोळ्या अन् एक मलम दिलंय, तीन-चार महिने धरून चाला म्हणल्या. पहिला आठवडा लई वाईट गेला, शाळेत पोरं विचारायची बाई रडल्या का. आता आग कमी आहे, लाली आहे. मॉइश्चरायझर आधी कोपराला लावून बघितलं, सात दिवस काही नाही, मग तोंडाला, चाललं. स्कार्फ बदलला.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. सगळे साबण पास झाले, पामतेलाचे निघाले. लिपस्टिकमधला किडा ऐकून त्यांनी माझी लाल लिपस्टिक स्वतः कचऱ्यात टाकली. मग टाचेच्या भेगांच्या मलमात लॅनोलिन निघालं, मला वाटलं आता हे पण जाणार. तर म्हणल्या, लोकर कातरली म्हणून मेंढी मरती का, मग मी घोंगडी कशाला पांघरते? मलम ठेवलं. लेक म्हणते कातरताना मेंढीला लागतं. दोघींचं दोन दिवस झाले चालूच आहे, मलम सध्या फ्रीजवर, दोघींच्या मधी.

झिंकवालं, बिनवासाचं अन् स्कार्फला पांढरं न लागणारं सनस्क्रीन कुणी वापरत असेल तर सांगा, माझा निळा स्कार्फ पार भस्म लावल्यागत दिसायलाय.