उंचावरचा फुगा: तोफेने उतरवायचा की क्षेपणास्त्राने फोडायचा?

तापीकाठ: फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेने हेरगिरीचा संशय असलेला चिनी फुगा पाडायला एफ-22 लढाऊ विमानातून साइडवाइंडर क्षेपणास्त्र सोडलं. एका क्षेपणास्त्राचे 4 लाख डॉलरच्या वर! वैज्ञानिक फुग्याचा प्लास्टिक पापुद्रा 20-25 मायक्रॉनचा, आपण मिरचीच्या बेडवर अंथरतो त्या मल्चिंग पेपरएवढा. विमानाच्या तोफेने चाळण करा. गॅस गळेल, फुगा हळू उतरेल आणि खालची उपकरणं शाबूत मिळतील. तपासायला तीच तर हवीत.

सातपुडा_रांग: चाळण करून झालीय, भाऊ. ऑगस्ट 1998 मध्ये कॅनडाच्या सीएफ-18 विमानांनी भरकटलेल्या हवामान फुग्यावर हजारावर गोळ्या झाडल्या. फुगा अटलांटिक ओलांडून पार फिनलंडला गेला. ट्यूब फुस्सकन बसते ती आतल्या दाबामुळे. असा फुगा बहुधा खालून उघडाच असतो, आत-बाहेर दाब जवळजवळ सारखा, मग हीलियमला बाहेर ढकलणार कोण? हिशेब बघा: तोफेच्या 20 मिमी गोळीचं छिद्र साधारण 3 चौ. सेंमी. हजार गोळ्या लागून आरपार गेल्या, म्हणजे प्रत्येकीची दोन छिद्रं धरली, तरी सगळी मिळून 0.6 चौ. मीटर. 60 मीटर व्यासाच्या फुग्याचं आवरण 11 हजार चौ. मीटर.

तापीकाठ: दाब सगळीकडे सारखा नसतो. हीलियम वर चढतो, म्हणून फुग्याच्या टाळूला आतून थोडा जास्त रेटा असतो. नेम तिथे धरा.

सातपुडा_रांग: टाळूवर नेम धरायला विमान फुग्याच्या वर हवं. तो चिनी फुगा 60 ते 65 हजार फुटांवर होता, एफ-22 ने मारा केला 58 हजारांवरून. तिथे हवेची घनता जमिनीवरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, त्यामुळे वेग कमी केला की पंखांची उचल जाते. ताशी 1000 किमी म्हणजे सेकंदाला 280 मीटर. फुगा जागच्या जागी. 1 किमीवर ट्रिगर दाबला तर साडेतीन सेकंदांत विमान फुग्यात! त्यात नेम धरा, झाडा आणि वळा. एवढ्या पातळ पापुद्र्यावर स्फोटक गोळीचा फ्यूज (आदळल्यावर स्फोट घडवणारा भाग) पेटेलच असंही नाही.

तापीकाठ: क्षेपणास्त्र तरी कुठे हमखास? फेब्रुवारी 2023 मध्येच अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ह्युरॉन सरोवरावर दुसऱ्या एका उडत्या वस्तूवर सोडलेलं पहिलं नेम चुकून पाण्यात पडलं, दुसरं लागलं. आणि सोव्हिएतांनी फुग्यांसाठीच एम-17 हे सावकाश उडणारं, तोफवालं विमान आखलं होतं. मार्ग तोच.

सातपुडा_रांग: एम-17 लांब पंखांचं खास विमान. आपल्याकडे आहेत ती लढाऊ विमानं, बोलणं त्यांच्याबद्दलच चाललंय.

वरणगाव_रोड: दोघेही जमिनीकडे बघा. त्या चिनी फुग्याखालचा सांगाडा टनभराचा सांगतात. अवशेष समुद्रात 11 किमीच्या पट्ट्यात पसरले, जवळपास भुसावळ ते वरणगाव. हे यावल-रावेरच्या केळीपट्ट्यावर पडलं तर? तोफेने मारलं तर न लागलेल्या गोळ्याही खालीच येणार. माझं म्हणणं, थांबा. पावसाळ्यात त्या उंचीवर वारा पूर्वेकडून वाहतो. जळगावपासून अरबी समुद्र सुमारे 300 किमी, वारा ताशी 70 चा असेल तर चार-साडेचार तास.

तापीकाठ: आणि तेवढ्या वेळात तो भुसावळचे फोटो काढत बसला तर?

वरणगाव_रोड: तेवढा वेळ खालची संवेदनशील वायरलेस बंद ठेवायची, झाकायचं ते झाकायचं. किनारा सुटला की क्षेपणास्त्र, तेही उथळ पाण्यावर. अमेरिकेने किनाऱ्यापासून 6 मैलांवर पाडला, तिथे पाणी 47 फूटच होतं, म्हणून बुडी मारणाऱ्या डायव्हर्सना तुकडे वर काढता आले.