राधानगरी जलाशय: ब्रॉडबँड सोनारने रोहू, कटला, चिलापी वेगळे ओळखता येतील का?

भोगावतीकाठ
पावसाळ्यानंतर राधानगरीच्या जलाशयात माशांचे सर्वेक्षण करायचे आहे. १२० किलोहर्ट्झचा, ७ अंशांच्या झोताचा स्प्लिट-बीम ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनी सोडणारा आणि मासा कुठल्या दिशेला आहे तेही सांगणारा सेन्सर) आणि ९५ ते १६० किलोहर्ट्झ चिर्प (एकाच पल्समध्ये, म्हणजे ध्वनीच्या ठोक्यात, बदलत जाणारी फ्रिक्वेन्सी) सोडणारा ट्रान्सीव्हर मिळतोय. फायबरची होडी आहे, २५ मीटर खोलीपर्यंतचाच भाग घेणार. समुद्रात याच पद्धतीने जाती वेगळ्या काढतात. इथे जमेल का? सेटिंग काय ठेवू?

डेसिबल_कोल्हापूर
रोहू आणि कटला एकमेकांपासून निघणार नाहीत, हे आधीच धरून चला. माशाच्या प्रतिध्वनीतला ९० टक्क्यांहून जास्त भाग त्याच्या वायुपिशवीतून येतो. रोहू, कटला, मृगळ तिघांचीही वायुपिशवी दोन कप्प्यांची. चिलापीची एका कप्प्याची, पण तीही हवेचीच, त्यामुळे वक्र (कुठल्या फ्रिक्वेन्सीला प्रतिध्वनी किती जोरात येतो त्याचा आलेख) एकमेकांवर चढतात. समुद्रात हे जमते ते शरीररचनेतच मोठा फरक असतो तिथे. अटलांटिक मॅकरेलला वायुपिशवीच नाही, म्हणून तो ३८ पेक्षा २०० किलोहर्ट्झला जास्त ठळक दिसतो. तुम्हाला मिळेल ते असे: मासे एकीकडे, प्लवंग दुसरीकडे, आणि माशांचे आकारगट. तेही थोडके नाही.

चिर्पचा खरा फायदा सुट्टा मासा दिसण्यात आहे. १ मिलिसेकंदाच्या साध्या पल्सला उभ्या दिशेत ७५ सेंटिमीटरच्या आतले दोन मासे एकच वाटतात. ६५ किलोहर्ट्झ पट्ट्यात पल्स कॉम्प्रेशननंतर (परतलेला लांब चिर्प गणिताने आखूड केल्यावर) ते अंतर सव्वा सेंटिमीटरच्याही खाली येते.

पाणबुड्या७
सेटिंगबद्दल. पल्स १.०२४ मिलिसेकंद, पॉवर २५० वॅटच्या वर नको, नाहीतर पाण्यातच लहरीचा आकार बिघडतो. इन्व्हर्टर होडीत आणूच नका, उपकरण थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. रुंद पट्टा म्हणजे गोंगाटही जास्त आत येतो. आधी पॅसिव्ह मोडमध्ये (ध्वनी न सोडता फक्त ऐकत) इंजिनचा वेग कमीजास्त करून कुठे रेघा उठतात ते बघा.

कॅलिब्रेशनला (प्रतिध्वनी आधीच माहीत असलेल्या गोळ्यावरून उपकरण जुळवायला) टंगस्टन कार्बाइडचा ३८.१ मिलिमीटरचा गोळा, तीन नायलॉन दोऱ्यांवर. पण त्याच्या वक्रात ठरावीक फ्रिक्वेन्सींना खोल खड्डे पडतात, तिथले आकडे फेकावे लागतात. म्हणून २२ मिलिमीटरचा दुसरा गोळाही टांगा, तो ती जागा भरून काढतो. सॉफ्टवेअरमध्ये समुद्राचे पाणी धरलेले असेल तर ते बदलायला विसरू नका. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सुमारे १४९७ मीटर प्रति सेकंद, समुद्रात १५३४. एवढ्यानेच २५ मीटरला खोली ६० सेंटिमीटरने चुकते, शिवाय गोळ्याचे खड्डेही सरकतात. पाण्यातले ध्वनीचे शोषण तर फारच वेगळे: १२० किलोहर्ट्झला समुद्रात किलोमीटरमागे ४५ डेसिबलच्या आसपास, गोड्या पाण्यात जेमतेम ३.

सगळ्यात फसवणारी गोष्ट बीमची, म्हणजे ध्वनीच्या झोताच्या रुंदीची. ७ अंश हा १२० चा आकडा झाला; ९५ ला तो जवळपास ९ होतो, १६० ला सव्वापाच. मासा कडेला असला की वरच्या फ्रिक्वेन्सी आपोआप दबतात आणि वक्र खोटाच उतरता दिसतो. बीमची दुरुस्ती प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळी करा, आणि अक्षापासून ३ अंशांपलीकडचे मासे वक्रासाठी घेऊच नका.

भोगावतीकाठ
आभारी आहे. वक्र काढताना विंडो (माशाभोवतीचा प्रतिध्वनीचा तुकडा) किती ठेवू? आणि सर्वेक्षण दिवसा की रात्री?

डेसिबल_कोल्हापूर
रात्री. दिवसा थवे घट्ट असतात, रात्री मासे विखुरतात. विंडो अर्धा मीटर घेतली तर दीड किलोहर्ट्झची बारकाई मिळते, पण शेजारचा मासा आत आला की वक्रात खोट्या लाटा उठतात. १० सेंटिमीटर घेतली तर ती बारकाई साडेसात किलोहर्ट्झवर येते. विरळ मासे असतील तिथे मोठी घ्या, दाटीत लहान. तळालगतचा पाऊण मीटर सोडून द्या, तळाच्या जोरदार प्रतिध्वनीचे साइडलोब (पल्स कॉम्प्रेशनमुळे उमटणाऱ्या खोट्या कडा) वर तेवढे पसरतात.

पाणबुड्या७
एक राहिलंच. गाळातून सुटणारे मिथेनचे बुडबुडे हुबेहूब माशासारखे ठसतात. होडी नांगरून थांबा. सेकंदाला २० ते २५ सेंटिमीटरने सरळ वर जाणारी रेघ दिसली तर तो बुडबुडा. रात्री वर येणाऱ्या कायोबोरस या डासासारख्या माशीच्या अळ्यांतही हवेच्या पिशव्या असतात, त्यांचा थर माशांत मोजला जातो. जातींचे प्रमाण मात्र जाळ्यातूनच घ्यावे लागेल. त्याच रात्री, त्याच पट्ट्यात, चार-पाच वेगवेगळ्या आसाची (छिद्रांच्या मापाची) गिलनेट लावा. आस एकच ठेवली तर एकाच मापाचा मासा अडकतो, आणि सोनारचे आकारगट त्याच्याशी जुळत नाहीत. जलाशयात जाळी टाकणाऱ्या भोई मंडळींना आधी विचारा, कुठल्या खोलीला काय लागतं हे ते नेमकं सांगतील.