मुंबई ते नेवार्क: दारापासून दारापर्यंत खरे किती तास लागले?

पाचपाखाडी: आई ७१ची आहे, जानेवारीत एकटीच अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला बहिणीकडे निघालीय, नॉनस्टॉप. अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. तिकिटावर रात्री दीडला सुटून सकाळी सातला पोचते असं दिसतं, आई म्हणते साडेपाच तासांत तर आपण सोलापूरलाही पोचत नाही. जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज आपला अनुभव लिहा, घराला कुलूप लावल्यापासून तिकडे चहा हातात येईपर्यंतचा.

ऐरोलीकर: हिवाळ्यात तिकडची घड्याळं आपल्यामागे साडेदहा तास, मार्चमध्ये ती तासभर पुढे सरकली की साडेनऊ. म्हणजे तुमचे साडेपाच अधिक साडेदहा, सोळा तास. आम्ही पण दीडच्याच विमानाने गेलो, रात्री आठला निघालो, ऐरोली पूल, मग कांजूरला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर अडकलो. तिकडे इमिग्रेशन आणि बॅगा मिळून दोन तास, पुढे गाडीने एक. टोटल साडेचोवीस. आणि व्हीलचेअर आजच बुक करा, रांगेत उभं राहणं वाचतं आणि फॉर्म, प्रश्न यात सोबतीला माणूस मिळतो.

घोडबंदर रोड: येताना तेच अंतर चौदा तासांच्या आसपास. वर दहा-बारा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम, हिवाळ्यात जास्तच. जाताना तो समोरून, येताना पाठीमागून. माझ्या सासूबाईंना नकाशात अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असा रस्ता वाटायचा. मग नातीचा पृथ्वीगोल घेतला, गजऱ्याचा दोरा मुंबईवर अंगठ्याने दाबला आणि न्यूयॉर्कपर्यंत ताणला, तर दोरा सरळ वर रशिया, स्वीडन, आइसलंडच्या बाजूने ग्रीनलंडच्या टोकावरून खाली आला. किती वेळ बोट फिरवत बसल्या होत्या त्या दोऱ्यावर! प्रत्यक्षात विमान वारा आणि बंद असलेल्या हवाई हद्दी बघून थोडं इकडेतिकडे जातं.

वाशी: स्वस्त पडतं म्हणून वडिलांचं एका स्टॉपचं तिकीट काढलं ही माझी चूक. पहिलं विमान दोन तास लेट, मध्ये वेळ होता सव्वा तास, पुढचं गेलं. बीपीच्या गोळ्या चेक-इन बॅगेत. अनोळखी विमानतळावर बाबा रात्रभर खुर्चीत बसून आणि मी इकडे फोन घेऊन जागी. एकूण ३८ तास झाले, पाय इतके सुजले की बूट घालता येईनात. गोळ्या आणि प्रिस्क्रिप्शन हातातल्या पिशवीतच ठेवा, दर दोन तासांनी उठून चालायला सांगा, पाणी मागून घ्यायला सांगा, आपल्या बायका संकोचतात.

उलवे: तिकिटावर विमानतळ नीट वाचा. २५ डिसेंबर २०२५पासून इथला नवी मुंबईचाही सुरू झालाय.

पाचपाखाडी: बघितलं, सहारचाच आहे, मुंबईचा जुना. व्हीलचेअर टाकली. निघायचं साडेसातलाच. गोळ्या आईने स्वतः पर्समध्ये ठेवल्यात, आणि आत्ता शेजारच्या मुलाचा पृथ्वीगोल मागून आणलाय.