मदत हवी आहे: जुना फोटो दुरुस्त करताना डीपीआय, लेयर आणि मास्कमध्ये अडकले आहे

नमस्कार मंडळी,

आजी-आजोबांचा एकत्र असा एकच फोटो आमच्याकडे आहे. कृष्णधवल, ४ बाय ६ इंचांचा. पिवळा पडलाय, मधोमध घडी आहे आणि खालच्या कोपऱ्यात पाणी पडल्यासारखा तपकिरी डाग. तो नीट करायचा, ८ बाय १२ इंचांत छापायचा आणि खाली दोघांची नावं मराठीत घालायची, एवढंच काम. त्यासाठी गिंप हा फोटो सुधारायचा मोफत प्रोग्रॅम उतरवून घेतला. तीन आठवडे झाले आणि फोटो आधी होता त्यापेक्षा वाईट दिसतोय.

व्हिडिओ ढिगाने पाहिले. कुठलं बटण दाबायचं ते कळतं, का दाबायचं ते कुणी सांगत नाही. त्यामुळे माझ्या पडद्यावर ते बटण त्या जागी नसलं की गाडी थांबली.

आतापर्यंतचे पराक्रम सांगते. फोटोचा फोनने फोटो काढला, मेसेजमधून स्वतःलाच पाठवला आणि कॉम्प्युटरवर घेतला. तो ६४० बाय ९६० पिक्सेल आहे. छपाईसाठी ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) लागतो असं वाचलं म्हणून गिंपमध्ये ७२ लिहिलेल्या चौकटीत ३०० घातले. आकडा बदलला, चित्र होतं तसंच. रोज अर्धा तास काम करून जेपीजी करून ठेवते, दुसऱ्या दिवशी तेच उघडते. आता चेहऱ्यांभोवती बारीक चौकोनी कण दिसायला लागलेत. मागची भिंत काढून टाकावी म्हणून खोडरबर फिरवला तर खाली पांढरा रंग येतो, आरपार काही होत नाही. आणि हील नावाच्या हत्याराने घडी पुसायला गेले, तर आजोबांच्या कॉलरच्या कडेला काजळी फासल्यासारखं झालं.

हे सगळं कुठल्या क्रमाने शिकायचं? की फोटोशॉप घेतल्याशिवाय गत्यंतर नाही?

प्रतिसाद १

ताई, तुमचं पहिलं कोडं सुटलं की निम्मं काम झालं. डीपीआय हा चित्राचा गुण नाही, तो छापतानाचा भागाकार आहे. तुमच्याकडे आडवे ६४० पिक्सेल. ते ८ इंचांत पसरले की इंचाला ८० आले. चौकटीत ३०० लिहिल्याने नवे पिक्सेल येत नाहीत, फक्त ‘हे चित्र लहान छापा’ अशी चिठ्ठी फाइलला चिकटते. इमेज मेनूमधल्या ‘प्रिंट साइझ’ने एवढंच होतं. ‘स्केल इमेज’ने पिक्सेल वाढतात खरे, पण ते शेजारच्यांवरून अंदाजाने भरलेले असतात, तपशील वाढत नाही.

आता गंमत बघा. मूळ फोटो ४ बाय ६ इंच. स्कॅनरवर ६०० डीपीआयने घेतलात तर २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतील, आणि ८ बाय १२ वर ते बरोबर ३०० ने बसतील. आत्ताच्या चौदापट माहिती हातात येईल. तीन आठवड्यांचं काम सोडून द्या. वाईट वाटेल, पण त्या फाइलमध्ये वाचवण्यासारखं काही नाही.

स्कॅन करताना धूळ काढणं, धार वाढवणं वगैरे स्कॅनरचे आपोआप चालणारे पर्याय बंद ठेवा. फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये घ्या, या प्रकारांत तपशील फेकला जात नाही. आणि फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा.

प्रतिसाद २

चौकोनी कणांबद्दल. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडतं आणि डोळ्याला चटकन जाणवणार नाही असा तपशील प्रत्येक तुकड्यातून फेकून देतं. बदल करून पुन्हा जेपीजी केलं की पुन्हा फेकाफेक. मेसेजमधून पाठवतानाही एक फेरी झाली असणार. काम चालू असेपर्यंत ‘सेव्ह’ करा, म्हणजे गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल बनते आणि लेयर जसेच्या तसे राहतात. जेपीजी शेवटी, एकदाच, ‘एक्सपोर्ट’ने.

प्रतिसाद ३

एवढा खटाटोप कशाला? एआयवाल्या ॲपमध्ये टाका, दहा सेकंदांत चकाचक.

प्रतिसाद ४

मी टाकून पाहिलंय. माझ्या पणजोबांचा चेहरा असा गुळगुळीत झाला की घरात कुणी ओळखेना. जिथे फोटोत माहिती नाही तिथे ते कुठल्याही चेहऱ्यावर शोभेल असं काहीतरी भरतं. घडी, ओरखडे, मागची भिंत यासाठी खुशाल वापरा. चेहऱ्यासाठी माझी तरी ना.

प्रतिसाद ५

रंगीत स्कॅन का, ते वर राहून गेलं. ही युक्ती मला फार उशिरा कळली. प्रत्येक रंगीत चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन करड्या चित्रांचं बनलेलं असतं. पिवळा डाग म्हणजे कागद तिथे निळा प्रकाश गिळतोय. म्हणून तो निळ्या चित्रात काळाकुट्ट दिसतो आणि लाल चित्रात जवळजवळ दिसतच नाही!

कलर्स मेनूत कॉम्पोनंट्स, त्यात डीकंपोझ. आरजीबी निवडून ‘लेयर करा’ची खूण ठेवा. नवीन चित्र उघडेल, त्यात तीन लेयर असतील. लेयरच्या यादीत प्रत्येकाशेजारी डोळ्याचं चिन्ह असतं, त्यावर टिचकी मारून आळीपाळीने बघा. मूळ फोटो कृष्णधवलच आहे, तेव्हा नुसता लाल लेयर ठेवून पुढचं काम त्यावर करता येईल. पिवळेपणा गेलेला असेल आणि पाण्याचा डागही बराच फिका झालेला असेल.

मग कलर्स मेनूतलंच लेव्हल्स. त्यात चित्रात गडद-उजळ पिक्सेल किती आहेत याचा आलेख दिसतो. आलेखाचा डोंगर जिथे सुरू होतो तिथे काळा त्रिकोण आणि संपतो तिथे पांढरा. डोंगराच्या आत घुसू नका, नाहीतर कपाळावरचा उजेड सपाट पांढरा होतो आणि तो परत येत नाही.

धागाकर्ती

अहो, तो डाग खरंच गेला! रंगीत स्कॅन केला, लाल लेयर ठेवला आणि बघतच बसले. मी त्या डागावर चार दिवस हील घासत होते. कॉलरचं आणि खोडरबराचं मात्र अजून कळलेलं नाही. आणि लेयर म्हणजे नेमकं काय, हे विचारायची लाज वाटतेय, तरी विचारते.

प्रतिसाद ६

लाज कसली. फोटोशॉप १९९० साली आलं तेव्हा त्यातही लेयर नव्हते, ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. चार वर्षं लोकांनी त्यांच्याशिवाय काढली.

एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा समजा. वरच्या काचेवर रंगवलंत तर खालची जशीच्या तशी. म्हणून पहिली सवय ही: मूळ लेयरची नक्कल करायची आणि मूळ खाली शाबूत ठेवायचा. बिघडलं तर वरची काच काढून टाकली, झालं.

खोडरबराने पांढरं येतं कारण तुमच्या लेयरला पारदर्शक व्हायची सोयच नाही. लेयर मेनूत ट्रान्सपरन्सी, तिथे ‘ॲड अल्फा चॅनल’. मग खोडलेल्या जागी करड्या चौकटी दिसतील, ते पारदर्शक. ते एक्सपोर्ट पीएनजीमध्ये करा; जेपीजीला पारदर्शकता माहीतच नाही.

पण खरं सांगू का, खोडूच नका. लेयरला मास्क जोडा. मास्कवर काळं रंगवलं की तिथलं चित्र लपतं, पांढरं रंगवलं की परत येतं, करडं रंगवलं की अर्धवट दिसतं. चुकून कान कापला तर पांढऱ्या ब्रशने कान परत. व्हिडिओवाले हत्यारांची यादी पाठ करून घेतात, आणि मास्क विसाव्या भागात येतो. माझ्या मते तो पहिल्याच दिवशी शिकवायला हवा.

हीलबद्दल: ते दुसऱ्या ठिकाणचा पोत उचलतं आणि आजूबाजूच्या उजेडात मिसळून टाकतं. गाल, भिंत, आकाश इथे उत्तम. गडद कोट आणि पांढरी कॉलर भेटतात तिथे मात्र कोटाचा काळेपणाही मिसळतो, तीच तुमची काजळी. कडेजवळ क्लोन वापरा, ते न मिसळता जसंच्या तसं उमटवतं. दोन्हींत कंट्रोल दाबून टिचकी मारली की कुठून उचलायचं ते ठरतं. ब्रश घडीपेक्षा किंचितच मोठा हवा, आणि जागा सारखी बदलत राहा, नाहीतर एकच ठसा ओळीने उमटलेला दिसतो.

फोटोशॉपची या कामाला गरज नाही. गिंप बेढब आहे, मान्य. पण लेयर, मास्क, हील, क्लोन या मूळ कल्पना दोन्हीकडे सारख्याच आहेत.

प्रतिसाद ७

नावांसाठी: अक्षरं फोटोवर गिंपमध्येच लिहिलीत तर तीही पिक्सेल होतात, मोठं छापल्यावर कडा मऊ दिसतात. तयार फोटो इंकस्केप या रेषाचित्रांच्या मोफत प्रोग्रॅममध्ये घ्या आणि नावं तिथे लिहा. तिथे अक्षर म्हणजे ठिपके नसून रेषांचं गणित असतं, कितीही मोठं केलं तरी धार तशीच. युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखीच अक्षरं दाखवणारी पद्धत) फॉन्टच घ्या, ‘मुक्त’ नावाचा किंवा ‘नोटो’चा देवनागरी चालेल. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडतं. पीडीएफ करण्याआधी ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या होतात आणि समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं तुटणार नाहीत. त्यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ आधीच बघून घ्या.

धागाकर्ती

कॉलर जमली. भिंत मास्कने लपवली, मग भिंतच बरी वाटली म्हणून परत आणली. आता एकच अडलंय. घडी आजीच्या डाव्या डोळ्यावरून जाते. उजवा डोळा उचलून, उलटा करून डावीकडे बसवू का?

प्रतिसाद ६

नको. उजेड एका बाजूने आलाय. डोळा उलटा केला की बुबुळातला चमकणारा ठिपका भलत्या बाजूला जाईल, आणि बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण खटकेल. खूप मोठं करून बघा. बुबुळाचा कुठलाही भाग शिल्लक असेल तर त्याला हात लावू नका. पापणीची रेघ तेवढी क्लोनने, अपारदर्शकता ३० टक्क्यांवर आणून, दोन-तीन हातांत जोडा.

धागाकर्ती

मोठं करून पाहिलं. बुबुळ जवळजवळ सगळं शिल्लक आहे, ठिपकासुद्धा. घडी फक्त वरच्या पापणीवरून आणि भुवईतून गेलीय. पापणी आज झाली. भुवई उद्या.